मार्था कॅनन : चौथी पत्नी आणि पहिली सिनेटर

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. अमेरिकेतील युटा राज्याच्या मार्था ह्यूजेस कॅनन यांच्यावरील लेखाबद्दल आपले आक्षेप दोन आहेत : 'नवऱ्याला पाडणारी पहिली महिला आमदार' हे शीर्षक दिशाभूल करते, आणि जी बाई आपखुशीने एका पुरुषाची चौथी पत्नी झाली, तिला स्त्रीहक्कांची कैवारी म्हणणे विसंगत आहे.

पहिला आक्षेप मान्य. १८९६ साली सॉल्ट लेक काउंटीतून (जिल्ह्यातून) राज्याच्या सिनेटच्या, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहाच्या, पाच जागा एकत्रच भरायच्या होत्या. मार्था डेमोक्रॅटिक पक्षाकडून उभ्या होत्या, पती अँगस रिपब्लिकन पक्षाकडून, आणि डेमोक्रॅटांचे पाचही उमेदवार निवडून आले. मार्था यांना पतीहून अधिक मते पडली हे खरे, पण ही समोरासमोरची लढत नव्हती. शिवाय कोलोरॅडोत १८९४ सालीच तीन स्त्रिया त्या राज्याच्या प्रतिनिधिगृहात, म्हणजे खालच्या सभागृहात, निवडून आल्या होत्या. मार्था या अमेरिकेतील पहिल्या महिला राज्य सिनेटर. शीर्षक बदलले आहे.

दुसऱ्या आक्षेपाशी मात्र मी सहमत नाही. मार्था १८८० साली मिशिगन विद्यापीठातून डॉक्टर झाल्या आणि पुढे फिलाडेल्फियात शिकल्या (आपल्या आनंदीबाई जोशी त्या शहरात पोचल्या त्याच्या वर्षभर आधीच त्यांचे तिथले शिक्षण आटोपले होते). १८८४ साली त्यांनी अँगसशी गुपचूप लग्न केले, कारण त्यांच्या मॉर्मन पंथात चालणारे बहुपत्नीत्व तोवर फौजदारी गुन्हा ठरले होते. ज्या डॉक्टरने अशा घरांतली बाळंतपणे केली, तिला मूल कोणाचे हे न्यायालयात सांगायला लावता येत होते. म्हणून १८८६ साली तान्ह्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला निघून गेल्या. तिथून पतीला टोपणनावांनी लिहिलेल्या पत्रांत एकटेपणा जागोजागी आहे. चार बायकांच्या नवऱ्यामुळे प्रत्येकीला महिन्यातले तीन आठवडे मोकळे मिळतात, असे समर्थन त्यांनी पुढे एका मुलाखतीत केले. ते मला पटत नाही, आणि ती पत्रे वाचल्यावर तर मुळीच नाही.

पण सिनेटमधील काम या समर्थनाने पुसले जात नाही. दिवसभर काउंटरमागे ताटकळणाऱ्या दुकानातल्या मुलींना, गिऱ्हाईक नसताना टेकण्यापुरते स्टूल मालकाने द्यावे, हा कायदा त्यांनी मांडला. मूकबधिर व अंध मुलांच्या शिक्षणाचे आणि राज्य आरोग्य मंडळाच्या स्थापनेचे विधेयकही त्यांचेच. त्या मंडळावर त्यांनी स्वतः कामही केले. दुकानातल्या मुलींच्या पायांची ठणक सभागृहात नेण्यासाठी डॉक्टर असणे उपयोगी पडले असावे, असे मला वाटते.

आपल्या आक्षेपातला खरा भाग मूळ लेखात निसटला, तो असा. मॉर्मन चर्चने १८९० साली बहुपत्नीत्वाची नवी लग्ने थांबवल्याचे जाहीर केले होते, तरी १८९९ साली, सिनेटर असतानाच, मार्था यांना तिसरे मूल झाले. अँगस यांना अटक होऊन दंड झाला आणि मार्था पुन्हा निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. तेरा वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या बाळंतपणांची साक्ष टाळायला ज्या देश सोडून गेल्या, त्यांच्या घरी या वेळी पुरावा पाळण्यातच होता.