*#२१# दाबून फोनची झडती होत नाही, मामा

घरच्या ग्रुपवर मामांनी तो मेसेज परत टाकलाय: “*#२१# डायल करा, फोन हॅक झालाय का ते कळेल. *#६२# दाबलं की पाळत ठेवणाऱ्याचा नंबर दिसेल. ##००२# दाबा आणि फोन कायमचा सुरक्षित करा! सर्वांना पाठवा.” सर्वांना पाठवून झालंय, म्हणून हे उत्तरही सर्वांनाच.

*#२१# तुमच्या फोनच्या आत डोकावतच नाही. तो सिमकार्डाच्या कंपनीला एकच विचारतो: या नंबरवर येणारे सगळे कॉल दुसरीकडे वळवलेत का? हे जीएसएमचे, म्हणजे मोबाइल नेटवर्कच्या जुन्या तंत्राचे कोड, स्मार्टफोनच्या कितीतरी आधीचे. काल मावशीच्या आयफोनवर दाबून पाहिला तर काय काय वळवलंय याची लांबलचक यादी आली, आणि त्यात चक्क ‘फॅक्स’ होता! मावशी घाबरली ती ‘डेटा’ आणि ‘सिंक’ वाचून. प्रत्येकापुढे ‘डिसेबल्ड’, म्हणजे वळवलेलं नाही, असं लिहिलंय, तिकडे तिचं लक्षच गेलं नाही. फोनमध्ये खरोखर हेरगिरीचं सॉफ्टवेअर असतं, तरीही यादी हीच आली असती. २०१९ मध्ये पेगॅसस हे हेरगिरीचं सॉफ्टवेअर व्हॉट्सॲप कॉलमधून फोनमध्ये शिरलं, त्याला तुमचे कॉल वळवायची गरजच नव्हती.

*#६२# चं उत्तर त्याहून साधं. फोन बंद किंवा रेंजबाहेर असला की कॉल कुठे जातो, तेवढंच तो सांगतो. तिथे दिसणारा अनोळखी नंबर बहुतेक वेळा कंपनीच्याच व्हॉइसमेलचा किंवा मिस्ड कॉल अलर्टचा असतो. (मामांनी तो ‘चोर’ नावाने सेव्ह केलाय.)

##००२# मात्र कामाचा आहे, त्याने सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. पण ‘कायमचा सुरक्षित’ कुठून आलं? उद्या कोणी पुन्हा फॉरवर्डिंग लावलं तर लागेलच.

आणि ते लावतात कसं, याबद्दल मेसेजात अवाक्षर नाही. कुरिअरवाला असल्याची बतावणी करणारा फोन येतो: “पार्सल अडकलंय, *४०१* आणि पुढे हा दहा आकडी नंबर दाबा.” दाबलं की तुमचे कॉल त्याच्याकडे. मग तो स्वतःच्या फोनवर तुमच्या नंबराने व्हॉट्सॲप सुरू करायला घेतो, ओटीपी कॉलवर मागवतो आणि तो कॉल स्वतःच उचलतो. हे प्रकार वाढले म्हणून दूरसंचार विभागाने कंपन्यांना १५ एप्रिल २०२४ पासून असे कोड दाबून कॉल वळवण्याची सोय थांबवायला सांगितली. कोणीही सांगितलेला कोड मुकाट्याने दाबायची सवय या मेसेजनेच लागते, माझा राग आहे तो त्यावर.

तपासायचंच असेल तर कॉल सेटिंग्जमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ उघडा. अँड्रॉइड १२ पासून पुढे ‘प्रायव्हसी डॅशबोर्ड’ आहे, कोणत्या ॲपने कॅमेरा, माइक, लोकेशन कधी वापरलं ते तिथे दिसतं. वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसली की कॅमेरा किंवा माइक चालू आहे. आणि व्हॉट्सॲपमध्ये ‘लिंक्ड डिव्हाइसेस’ बघाच, तुमचं व्हॉट्सॲप आणखी कुठे चालू आहे ते तिथे कळतं.

मामांचं मी काल बघितलं. त्यात एक विंडोज कॉम्प्युटर होता. गेल्या आठवड्यात आधारची प्रिंट काढायला ज्या झेरॉक्सच्या दुकानात गेले होते, तिथला. लॉगआउट करायचं राहून गेलेलं. *#२१# त्यांनी त्याच दिवशी सकाळी दाबला होता.