काळ्या मातीवरची नोकरी

सिव्हिल इंजिनिअरिंगच्या करिअरवरचा एक लेख वाचला. तो वाचून हे काम म्हणजे संगणकावरचं डिझाइन, असा समज होईल, म्हणून लिहितोय. इंदूरमध्ये ३० वर्षं साइटवर काढली. माळव्याची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया उथळ घेतला की भिंतींना तडे जातात. म्हणून आधी मातीची तपासणी, आणि गरज असेल तिथे अंडर-रीम्ड पाइल, म्हणजे तळाशी फुगवटा असलेले, खालच्या स्थिर थरापर्यंत नेलेले खांब.

काँक्रीटचे १५० मिमीचे क्यूब भरायचे, ७ आणि २८ दिवसांनी दाबून ताकद बघायची. पण क्यूब पास झाला आणि मे महिन्याच्या उन्हात स्लॅबला ताकद यायला लागणारं पाणीच दिलं नाही, तर त्या रिपोर्टला काय अर्थ? नवा असताना एका ठेकेदाराने दोनच दिवसांत पाणी बंद केलं. मी गप्प बसलो. त्या स्लॅबच्या भेगा अजून डोळ्यांसमोर आहेत.

मोजमाप, बिलं, मजुरांची सुरक्षितता हेही आलंच. भाचीने यंदा सिव्हिलला प्रवेश घेतलाय. तिला सांगितलंय, सुट्टीत साइटवर ये, मिस्त्रींशेजारी उभी राहा आणि ओतकामाआधी नकाशा हातात धरून सळ्या स्वतः मोज.