टेबलं रिकामी होती

आज दुपारी इथे आयर्लंडमध्ये, गॉलवेतल्या एका कॅफेत बसले होते. एक ट्रॅव्हलर, म्हणजे इथल्या पूर्वापार भटक्या समाजातली बाई दोन मुलींना घेऊन आली. "सगळी टेबलं बुक आहेत," म्हणून दारातूनच परत पाठवली. समोर टेबलं रिकामी! थोड्या वेळानं आलेल्या जोडप्याला त्यातलंच एक मिळालं.

घरी येऊन इथल्या आपल्या मराठी ग्रुपवर लिहिलं, तर उत्तर काय? "बरं झालं, त्या लोकांपासून लांबच राहावं." वर चार अंगठे. अहो, आपण काल आलोय इथे! ते पिढ्यान् पिढ्या इथले आहेत. आपल्याकडे पारध्यांच्या पालांकडे बघून लोक हेच बोलायचे. ती सवय विमानातून घेऊन आलात?

माझ्या घरमालकीणबाई रॉसकॉमनच्या खेड्यात वाढल्या. त्यांची आई गळक्या किटल्या, बादल्या बाजूला ठेवायची. ट्रॅव्हलर टिनवाला यायचा, अंगणात बसून डाक लावायचा. त्याची बायको टोपलीतून सुया, कागदी फुलं विकायची आणि कोण वारलं, कुणाचं लग्न ठरलं, सगळ्या गावांच्या बातम्या सांगायची. आई आधी चहा द्यायची, मग किटल्या.

मग प्लॅस्टिकच्या बादल्या आल्या. धंदा बसला. १९६३ च्या सरकारी अहवालानं तर त्यांचं भटकणं हीच समस्या ठरवली. रस्त्याकडेच्या मुक्कामाच्या जागांवर दगड टाकले, २००२ च्या कायद्यानं दुसऱ्याच्या जागेत गाडी लावून राहणं गुन्हा झाला. आणि वर विचारायचं, हे कुठेही का थांबतात?

हो, कचरा टाकून जाणारे आहेत, छप्पर दुरुस्तीच्या नावाखाली म्हाताऱ्यांना फसवणारेही आहेत. मान्य. म्हणून त्या दोन मुलींना केक नाही?

२०१५ मध्ये डब्लिनजवळ कॅरिकमाइन्सला ट्रॅव्हलर वस्तीत लागलेल्या आगीत दहा जण गेले, त्यात पाच मुलं. वाचलेल्यांना तात्पुरती जागा द्यायची, तर शेजाऱ्यांनी वाट अडवली. हे लिहितानाही हात थरथरतोय. २०१७ मध्ये संसदेत त्यांना वेगळा वांशिक समूह म्हणून मान्यता मिळाली, तेव्हा गॅलरीत बसलेल्या ट्रॅव्हलर मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसाबद्दल बोलताना मालकीणबाईंचे डोळे भरतात. त्यांना तो टिनवालाच आठवतो. गावातल्या प्रत्येक घरातली किटली त्यानं नीट केली होती, आणि त्याच्या नातवंडांना आज त्याच गावात कुणी घर भाड्यानं देत नाही, म्हणतात.

ऑक्टोबरात बॅलिनस्लोला घोड्यांचा बाजार भरतो, ट्रॅव्हलर मंडळी तिथे जमतात. मी मुलांना घेऊन जाणार आहे, मालकीणबाईही येताहेत. ग्रुपवरच्या त्या चार अंगठेवाल्यांपैकी कुणाला यायचं असेल तर सांगा, गाडीत जागा आहे.