पूररेषा आधी, यंत्र मग

कोल्हापूरचा विकास आराखडा करताना जनरेटिव्ह डिझाइन या संगणकी तंत्राची मदत घ्यावी, असे आमच्या शाळेच्या गटात कोणी सुचवताच उत्तर आले, ‘आमच्या पेठा आणि तालमी परदेशी यंत्राला काय कळणार?’ या उत्तराची मला चीड आली. नदीकाठी भराव टाकून ज्या इमारती उभ्या राहिल्या, त्या पेठा-तालमी जाणणाऱ्या माणसांनीच उभ्या केल्या.

चटईक्षेत्र, ऊन, रस्त्याची रुंदी, मोकळी जागा, पाण्याचा निचरा अशा अटी आणि उद्दिष्टे आपण द्यायची आणि त्यांत बसणारे शेकडो आराखडे या तंत्राने तुलनेसह समोर ठेवायचे, एवढेच त्याचे काम. तालीम जागची हलवायची नाही, ही अटही त्यात घालता येते. न घातलेली अट मात्र ते पाळणार नाही, आणि खरा वाद तिथेच व्हायला हवा.

मी राहतो त्या टोरोंटोतही क्वेसाइड या तलावाकाठच्या भागात तंत्रज्ञानावर आधारलेली नवी वस्ती उभारण्याच्या साइडवॉक लॅब्ज कंपनीच्या प्रकल्पाला लोकांनी कडाडून विरोध केला, पण तो नागरिकांची माहिती कोणाच्या हाती जाणार यावरून. २०२० मध्ये कंपनीने तो सोडला. पुराची अट मात्र इथे केव्हाच ठरली होती. १९५४ च्या हेझल वादळात ऑन्टारिओत ८१ माणसे गेली, हंबर नदीकाठची घरे वाहून गेली, आणि त्यानंतर नदीखोऱ्यांतली जमीन सार्वजनिक ताब्यात घेऊन तिथली घरबांधणी रोखली गेली. रविवारी आम्ही सायकली चालवतो ती त्याच जमिनीवर. आपल्याकडे २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला, तरी निळी रेषा, म्हणजे जिच्या आत नवे बांधकाम करता येत नाही ती पूररेषा, कोणाच्या जागेतून जावी यावर घासाघीस चालूच आहे.

‘तुला काय, तू तिकडे,’ असे मला हमखास ऐकवले जाते. नदीकडच्या उतारावरचे आमचे जुने घर त्याच निळ्या रेषेच्या आत आहे. निवृत्तीनंतर ते उतरवून तिथेच नवे बांधायचे, या एका विचारावर मी इथले कितीतरी हिवाळे काढले. अट प्रामाणिकपणे घातली, तर कोणत्याही पर्यायात तिथे नवे घर येणार नाही, आणि मग कोल्हापुरात माझे म्हणण्यासारखे काय उरेल, याचे उत्तर माझ्याजवळ नाही. तरीही ती अट घातली जावी, असेच माझे मत आहे. त्या घराचा घरफाळा आजही मीच भरतो, आणि हरकती-सूचना मागवल्या जातील तेव्हा माझी सूचना त्याच घराच्या सिटी सर्व्हे क्रमांकासह येईल.