कचरा आलाय बहुतेक

जुनी मोटरसायकल रस्त्याच्या कडेला बंद पडली की चहाच्या टपरीवरून एक गृहस्थ उठून येतात. त्यांना कुणी बोलावलेलं नसतं. प्लग बघत नाहीत, टाकी बघत नाहीत. गाडीभोवती अर्धा फेरा मारतात आणि निकाल देतात, "कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय बहुतेक." चेन तुटून रस्त्यावर पडलेली असली, तरी निकालात बदल होत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की कार्बोरेटर उघडायची पाळी सगळ्यात शेवटी येते. जुनी हिरो होंडा स्प्लेंडर घ्या. तिला पंप नाही, सेन्सर नाही. पेट्रोल आपल्या वजनानं खाली उतरतं: टाकी, कॉक म्हणजे पेट्रोलची तोटी, नळी आणि मग कार्बोरेटर, जिथे पेट्रोल हवेत मिसळून इंजिनात जातं. वरच्या तिघांचे गुन्हे खालच्याच्या नावावर जमा होतात, कारण त्याला स्क्रू जास्त आहेत आणि स्क्रू दिसला की आपल्या लोकांचे हात शिवशिवतात.

आरोपींची ओळखपरेड टाकीच्या झाकणापासून घ्यावी. झाकणाला एक बारीक छिद्र असतं. जेवढं पेट्रोल खाली उतरतं तेवढी हवा तिथून आत यायला हवी. धूळ आणि पॉलिश बसून ते बुजलं, की गाडी घरून रुबाबात निघते, दोन-चार किलोमीटरवर गुदमरते, थोडी विश्रांती मिळाली की पुन्हा शहाण्यासारखी चालते. बंद पडल्या पडल्या झाकण उघडा. 'फुस्स' असा आवाज आला तर दुखणं सापडलं. इलाजाचा खर्च एक टाचणी. एवढ्या स्वस्तात बरं होणाऱ्या आजारावर कुणाचाच विश्वास बसत नाही, हा भाग वेगळा.

पेट्रोल संपत आलं की गाडी आडवी करून हलवणं हा आपला जुना विधी, पण त्यामागे शास्त्र आहे. टाकी फ्रेमवर बसावी म्हणून तिच्या पोटात मधोमध खोबण असते, त्यामुळे तळाचं पेट्रोल दोन कप्प्यांत विभागलं जातं. कॉक डाव्या कप्प्याला. गाडी डावीकडे झुकवली की उजवीकडचं पेट्रोल उंचवटा ओलांडून कॉकाच्या बाजूला येतं आणि पेट्रोल पंप गाठता येतो. काही उत्साही मंडळी ती उजवीकडे झुकवतात आणि होतं नव्हतं तेही पलीकडे पाठवतात.

पुढची परीक्षा बाटलीची. इंजिन थंड होऊ द्या, बिडीवाल्या सल्लागारांना लांब उभं करा, नळी कार्बोरेटरपासून काढून पारदर्शक बाटलीत सोडा आणि कॉक उघडा. सलग धार लागली तर वरचा रस्ता मोकळा. धार लागून हळूहळू थेंबांवर आली, तर झाकणाकडे परत जा. पहिल्यापासूनच ठिबकत असेल तर कॉकाची जाळी गंजाच्या चिखलाने भरलीय. त्यानंतर नळी जोडून कार्बोरेटरच्या वाटीचा (पेट्रोल साठवणाऱ्या खालच्या भागाचा) तळाचा ड्रेन स्क्रू सैल करा आणि तेही पेट्रोल बाटलीत घेऊन उजेडात धरा. तळाशी वेगळा थर किंवा घरंगळणारे थेंब दिसले, तर ते पाणी.

हे पाणी फक्त पावसाचंच असतं असं नाही. आता टाकीत ऊसही असतो. पेट्रोलमध्ये मिसळलेल्या इथेनॉलचं, म्हणजे उसापासून होणाऱ्या अल्कोहोलचं, प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर आलं आणि तिथून २० टक्क्यांकडे गेलं. म्हणजे कोल्हापूरकडचा ऊस गुऱ्हाळात न जाता थेट आपल्या गाडीत येऊ शकतो. अभिमान वाटायला हरकत नाही. फक्त इथेनॉलला पाण्याची भारी ओढ. ते हवेतलं बाष्प शोषतं, आणि पाणी मर्यादेबाहेर गेलं की दोघं पेट्रोलपासून फारकत घेऊन टाकीच्या तळाशी, बरोब्बर कॉकाच्या तोंडाशी, संसार थाटतात. शिवाय टाकीत वर्षानुवर्षं शांत बसलेली घाण ते सोडवतं आणि जुन्या रबराला फुगवतं. महिना-दोन महिने गाडी उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा, आणि कडक झालेली नळी बदलून टाका.

एवढं करूनही गाडी हट्टाला पेटली असेल, तर आता कार्बोरेटर उघडा. पण आधी लक्षण ऐका. चोक (थंड इंजिनाला जास्त पेट्रोल देणारा खटका) ओढल्यावर चालते, चोक सोडला की मरते? तिला पेट्रोल कमी पडतंय: एक तर पायलट जेट, म्हणजे स्लोला पेट्रोल देणारी बारीक छिद्राची पितळी नळी, तुंबलाय, नाहीतर कार्बोरेटर आणि इंजिनाच्या हेडच्या मधल्या ओ-रिंगमधून (रबरी कड्यातून) चोरटी हवा शिरतेय. निवाडा सोपा आहे. गाडी कशीबशी चालू ठेवून त्या सांध्यावर किंचित डब्ल्यूडी-४० स्प्रे मारा. इंजिनाचा सूर बदलला तर ओ-रिंग दोषी, आणि जेट बिचारा सुटला. गाडी स्लोला, म्हणजे रेस न देता, उत्तम, पण रेस पूर्ण पिळल्यावर खोकत असेल तर मेन जेट (पूर्ण रेसला पेट्रोल देणारा) किंवा अपुरं पेट्रोल. काळा, काजळी धरलेला प्लग म्हणजे पेट्रोल जास्त किंवा एअर फिल्टर गच्च. पांढरा फटक म्हणजे कमी. बिस्किटी रंग म्हणजे कुणालाही हात लावू देऊ नका.

पायलट जेट काढला की त्यातून आकाश बघा. गोल उजेड दिसला पाहिजे. चंद्रकोर दिसली तर अजून घाण आहे. बाजूची बारीक छिद्रंही बघा. कार्बोरेटर क्लीनर मारा, पाच मिनिटं थांबा, मग कॉम्प्रेसरची हवा द्या. क्लच केबलची तार घालून खरवडणारे महाभाग भेटतात. तार पोलादाची, जेट मऊ पितळेचा, हरणार कोण हे ठरलेलंच. छिद्र केसभर मोठं झालं की प्लग काळा पडतो आणि ॲव्हरेज बसतं. मग बोल कंपनीला लावले जातात. क्लीनर मारताना फ्लोटची (वाटीत तरंगणाऱ्या गोळ्याची) सुई आणि ओ-रिंगा बाजूला ठेवा, रबर त्यात टिकत नाही.

पेट्रोल ओव्हर होणं हे दुसरं टोक. फ्लोट आणि सुई यांचं काम संडासातल्या फ्लशच्या टाकीसारखं: पातळी चढली की वाट बंद. सुईच्या टोकाखाली कण अडकला की ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल रस्त्यावर. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीवर दोन हलक्या टिचक्या मारा. अनेकदा तेवढ्यानं भागतं. नाही भागलं तर सुई काढा. टोकावर गोल खाच पडली असेल तर ती घासत बसू नका, नवी घाला. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत डुबडुब ऐकू आलं तर तो फुटलाय. रात्रभर ओव्हर झाली असेल तर इंजिन ऑइलचाही वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर ऑइल बदलल्याशिवाय किक मारू नका.

आता मिक्श्चरचा, म्हणजे स्लोला हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा, स्क्रू. काढण्याआधी तो अलगद तळापर्यंत आवळा, किती फेरे गेला ते कागदावर लिहा, मग काढा. 'अलगद' हा शब्द पुन्हा वाचा. टोक चेमटलं की सेटिंगचा विषय संपला. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवा मोजतो, कसल्यावर पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनाच्या बाजूला असेल तर बरोबर उलटं. जोडताना कागदावर लिहिले तेवढेच फेरे सोडून सुरुवात करा, गाडी नीट गरम करा, आणि पाव-पाव फेऱ्याने सगळ्यात वेगवान, गुळगुळीत सूर शोधा. मग स्लोच्या स्क्रूने स्लो खाली आणा. एका वेळी एकच स्क्रू. दोन्ही एकदम फिरवणाऱ्याला शेवटी आपण कुठून निघालो होतो हेही आठवत नाही.

ट्रायलला निघण्यापूर्वी कॉक उघडा ठेवून दहा मिनिटं वाटीखाली कोरडा कागद ठेवा, ठिपका पडला तर पुन्हा उघडा. कागद कोरडा राहिला तर कॉक रिझर्व्हवरून ऑनवर आणा. तो रिझर्व्हवर विसरून निघालेल्याची गाडी रिझर्व्हला लागत नाही, थेट ढकलायला लागते.