मॅपिंग एआय करणार, मग सहीही त्याचीच घ्या

दोन सहकारी बँकांचं विलीनीकरण ठरलं की पेपरात दोन्ही अध्यक्षांचे हार घातलेले फोटो येतात. त्या फोटोंमागे खात्यांचा सगळा हिशेब ठेवणाऱ्या दोन वेगवेगळ्या कोअर बँकिंग सिस्टिम असतात, माहितीचे हजारो कॉलम इकडे, हजारो कॉलम तिकडे. इथलं काय उचलून तिथे कुठे ठेवायचं हे ठरवायला, म्हणजे मॅपिंगला, आमच्यासारखी चार डोकी लागतात. या वेळी त्यातली दोन काढून घेतली, कारण ‘आता एआय करेल की मॅपिंग!’

डोकं फिरलंय माझं, आणि आज मी गप्प बसणार नाही.

हे टूल करतं काय ते आधी ऐका. कॉलमचं नाव, त्याचा प्रकार आणि आतल्या काही नोंदी घेतं, त्यांचे आकडे बनवतं आणि इकडचा कोणता कॉलम तिकडच्या कोणत्या कॉलमच्या जवळ जातो ते मोजतं. वर भाषा मॉडेलकडून दोन ओळींचं कारण लिहून घेतं. पिनकोड, मोबाइल, पॅन, आयएफएससी बिनचूक जुळतात. जुळणारच! पॅन १० अक्षरांचा, आयएफएससी ११ अक्षरांचा आणि त्यात पाचव्या जागी कायम शून्य. हे आमची जुनी एसक्यूएल स्क्रिप्टसुद्धा ओळखायची. पण डेमोत नेमकं एवढंच दाखवतात आणि मीटिंगमध्ये सगळे माना डोलावतात.

आता स्टेटसचा कॉलम घ्या. दोन्ही सिस्टिममध्ये नाव ‘अकाउंट स्टेटस’, दोन्हीकडे एकच अक्षर, दोन्हीकडे ए, सी, डी, एफ. टूलने ९७ टक्के खात्री दाखवून जोडी लावली आणि हिरवी केली. एका बँकेत ‘डी’ म्हणजे डॉर्मंट, बरीच वर्षं हात न लागलेलं खातं. दुसरीत ‘डी’ म्हणजे डिसीज्ड, खातेदार वारला. म्हणजे मुलाकडे मुंबईला राहायला गेलेल्या, गावच्या शाखेत फिरकू न शकलेल्या आजोबांना आपण एका रात्रीत मयत करून टाकणार होतो. खातं गोठलं असतं आणि ते काउंटरवर उभे राहिले असते तर त्यांच्याकडेच वारसाचे कागद मागितले गेले असते.

सापडलं कसं? टूलने नाही सापडवलं. ट्रायल लोडची, म्हणजे चाचणीसाठी नव्या सिस्टिममध्ये भरून पाहिलेल्या खात्यांची यादी बघून शाखेतल्या एका जुन्या अधिकाऱ्यांनी फोन केला, “मॅडम, आमच्या एवढ्याशा शाखेत एवढी माणसं वारली कधी?” त्या एका प्रश्नाने सगळं बाहेर आलं. आणि त्याच अधिकाऱ्यांना मॅपिंगच्या बैठकांना बोलवायचं नाही, त्यांचा वेळ वाया जातो, असं वरून ठरलेलं होतं!

आमच्याकडे नियम काय केलाय, तर ८० टक्क्यांच्या खालच्या जोड्या माणसाने तपासायच्या, वरच्या आपोआप मंजूर. अरे, पण घात वरच्यांतच आहे ना! खालच्या जोड्या विचित्रच दिसतात, त्या कुणाच्याही नजरेतून सुटत नाहीत. नाव तेच, प्रकार तोच, आतली अक्षरं तीच आणि अर्थ वेगळा, अशी जोडी कायम ९० च्या पुढे गुण घेऊन पास होते. तो ९७ म्हणजे जोडी बरोबर असण्याची शक्यता नव्हेच, दोन कॉलम किती सारखे दिसतात त्याचं माप आहे ते. तरी टक्क्याचं चिन्ह लावून छापतात, आणि साहेबांना वाटतं कुणीतरी तपासलंय. शेजारी लिहिलेलं कारण वाचा: ‘दोन्ही कॉलम खात्याची सद्यस्थिती दर्शवतात.’ वाक्यात काही खोटं नाही, म्हणून तर जास्त संताप होतो.

तारखांचंही तेच. ग्राहकाने स्वतः दोन वर्षांहून जास्त काळ व्यवहार केला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बचत खातं निष्क्रिय होतं. दहा वर्षं तसंच राहिलं तर पैसे ठेवीदारांसाठीच्या निधीत वर्ग करावे लागतात. बँकेने स्वतः जमा केलेलं व्याज यात ग्राहकाचा व्यवहार धरत नाहीत. आता एका सिस्टिममधली ‘अखेरच्या व्यवहाराची तारीख’ व्याज पडलं तरी पुढे सरकते, दुसरीतली सरकत नाही. दोन्ही तारखाच, फॉरमॅट तोच. मॉडेलला फरक दिसणार कुठून? तो टेबलात नाहीच. सिस्टिम बसवताना कुणीतरी घेतलेल्या निर्णयात तो आहे, आणि तो निर्णय कुठे लिहून ठेवलेला नाही.

नावांच्या बाबतीत तर कहर. युनिकोड, म्हणजे अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी एकच पद्धत, रुळण्याआधी आपल्याकडच्या कितीतरी संस्थांनी मराठी नावं सी-डॅक या सरकारी संस्थेच्या आयएसएमसारख्या सॉफ्टवेअरमधून भरली. त्या सॉफ्टवेअरचा फॉन्ट मशीनवर असेल तर ‘पांडुरंग’ दिसतं, नसेल तर रोमन अक्षरं आणि चिन्हांचा चिवडा. टूलने तो अख्खा कॉलम ‘अर्थहीन मजकूर, वगळावा’ म्हणून बाजूला टाकला. लोकांची नावं आहेत ती! पासबुकावर छापलेली, सातबाऱ्याशी ताडून घेतलेली. योग्य कन्व्हर्टर लावला की ती जशीच्या तशी परत मिळतात, हे या कामातल्या कुणालाही विचारा.

यातलं काहीच नवीन नाही, याचीच चीड येते. २००१ साली एरहार्ड राम आणि फिलिप बर्नस्टीन या संशोधकांनी स्कीमा, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबल-कॉलमचे आराखडे, जुळवण्याच्या पद्धतींचा आढावा घेतला, तेव्हाच लिहून ठेवलं की सगळ्या जोड्या पूर्णपणे आपोआप लागणं सर्वसाधारणपणे शक्य नाही, कारण अर्थाचा काही भाग स्कीमात लिहिलेलाच नसतो, बऱ्याचदा कागदावरही नसतो. मॉडेल कितीही मोठं करा, जे कुठे लिहिलंच नाही ते त्याला वाचता येणार नाही. ते अंदाज करणार, आणि अंदाज आहे असं सांगणारही नाही.

मला हे टूल नको आहे असं नाही. हजारो कॉलमची पहिली चाळणी त्याने जरूर करावी, तेवढा वेळ खरंच वाचतो. पण वाचलेला वेळ अवघड कॉलमना द्यायचा सोडून तुम्ही माणसंच कमी केलीत. डेटा डिक्शनरी, म्हणजे कुठल्या कॉलमचा नि कोडचा अर्थ काय याची नोंदवही, करायला पैसे नाहीत, लायसन्सला आहेत. आणि नमुना नोंदी म्हणून ग्राहकांची खरी नावं, खरे शिल्लक आकडे बाहेरच्या सर्व्हरवर पाठवताना कुणाची परवानगी घेतली होती, हे मी दोनदा विचारलं. उत्तर आलेलं नाही.

साइन-ऑफच्या फॉर्मवर ‘मॅपिंग तपासले’ अशी ओळ आहे आणि तिच्यापुढे माझं नाव टाइप केलंय. उद्या एखाद्याचं पेन्शन अडकलं तर टूलला कोणी जाब विचारणार नाही, मला विचारतील. म्हणून मेल केलाय, दोन्ही बँकांच्या लोकांना सीसीत ठेवून: स्टेटसचे कोड, तारखा, व्याजाचे प्रकार आणि कर्जमर्यादा रुपयांत आहे की लाखांत, एवढे कॉलम दोन्हीकडच्या शाखांतली माणसं समोर बसवून एकेक करून बघितले जात नाहीत तोवर मी सही करणार नाही. गो-लाइव्ह, म्हणजे नवी सिस्टिम सुरू करायचा दिवस, पुढे ढकला, नाहीतर त्या ओळीपुढे दुसऱ्या कुणाचं नाव टाका.