टोके पालीने एड्स बरा होत नाही

टोके पालीच्या जिभेपासून व आतड्यांपासून एड्स आणि कर्करोगावर औषध बनते, म्हणूनच तिला लाखोंचा भाव मिळतो, असा मजकूर सध्या फिरत असून तो निराधार आहे. ईशान्य भारतापासून इंडोनेशियापर्यंतच्या जंगलांत आढळणारी, निळसर करड्या अंगावर नारिंगी ठिपके असलेली आणि रात्री ‘टो-के, टो-के’ असे खणखणीत ओरडणारी ही पाल कोणताही रोग बरा करते, याला वैद्यकीय पुरावा नाही. फिलिपिन्सच्या आरोग्य विभागाने तर २०११ मध्येच अशा उपचारांविरुद्ध जाहीर इशारा दिला होता. लाखोंचे आकडे सांगणारे लोक खरे गिऱ्हाईक मात्र दाखवत नाहीत. २०१९ पासून तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स या, संकटग्रस्त वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावरील जागतिक कराराने नियंत्रित केलेला असून, भारतात तिची शिकार व विक्री वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.